सिस्टर खेळ तपासतात

खेळात हरणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, जिंकणारे त्याहून थोडे. पण खेळालाच सुधारायला लावणारी व्यक्ती आयुष्यात एकच पाहिली, आणि ती आमच्या डोक्यावर राहत होती. म्हणजे सिडकोतल्या आमच्या इमारतीत, बरोबर आमच्या वरच्या मजल्यावर. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नोकरी करून निवृत्त झालेल्या या बाईंना सगळी इमारत सिस्टर म्हणे. दूधवाल्याला 'खोकला कसा हाय?' असं विचारल्याशिवाय त्या पातेलं पुढं करत नसत, आणि त्यानं 'बरा आहे' म्हटलं तरी एकदा खोकून दाखवायला लावत.

मी आणि माझे चार मित्र दरवर्षी मराठी शब्दखेळांची स्पर्धा घेतो. या खेळांत चित्रं नसतात, आवाज नसतो. पडद्यावर गोष्ट उमटते: 'तुम्ही एका भुयारात आहात. समोर दार आहे.' आपण खाली 'दार उघड' असं टाइप करायचं, की गोष्ट एक पाऊल पुढं सरकते. परीक्षकांनी सगळे खेळ खेळायचे आणि प्रत्येकावर अभिप्राय लिहायचा. त्या वर्षी आमचा एक परीक्षक ऐनवेळी गळाला. मी चिंतेत एक खेळ चाळत बसलो होतो, तेव्हा सिस्टर कढीपत्ता मागायला खाली आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागल्या. खेळात एक जखमी पहारेकरी दाराशी पडला होता, त्याच्या कमरेला किल्ली होती. मी 'किल्ली घे' असं टाइप करणार, तोच मागून हुकूम आला.

"थांबा भाऊ! आधी श्वास चालू हाय का बघा."

"सिस्टर, हा खेळ आहे."

"मग? खेळात माणूस मरू द्यायचा व्हय?"

कढीपत्ता राहिला बाजूला. तासाभरात सिस्टरांनी त्या पहारेकऱ्याची जखम बांधायचा नाना तऱ्हांनी प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी 'मला समजलं नाही' हेच उत्तर घेतलं. शेवटी उठताना म्हणाल्या, "लई आडमुठा हाय हा. उद्या सकाळी परत येते." अशा रीतीनं आम्हाला परीक्षक मिळाला.

त्यानंतर रोज सकाळी आठला त्यांचा राउंड सुरू होई. केस घट्ट बांधून, चष्मा पुसून, गादीवर वही उघडी ठेवून त्या खेळायला बसत. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी 'दार वाजव' असं टाइप करत. राजवाड्यातला सोन्याचा दिवा सगळे खेळाडू डोळे झाकून उचलतात. सिस्टर मात्र 'दिवा कोणाचा आहे ते विचार' म्हणून अडून बसत. मुडदा, माती, म्हैस, काहीही हाताळलं की 'हात धू'. खेळाला हात धुणं ठाऊक नसे, मग सिस्टरांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येई. त्यांचे अभिप्राय म्हणजे केसपेपर. 'राजकन्या तीन दिवस उपाशी. लेखकाचं लक्ष नाही. भाषा स्वच्छ. दहापैकी सहा.' किंवा, 'नायक विहिरीत दोनदा पडला, दोन्ही वेळा तपासणी झाली नाही. विनोद चांगला.'

लासूर स्टेशनच्या एका आडत व्यापाऱ्यानं मोठ्या हौसेनं खुनाच्या तपासाचा खेळ लिहिला होता. सिस्टरांनी त्याला चार गुण दिले. तो फोनवर माझ्याशी कडाकडा भांडला, म्हणून मी फोन सरळ सिस्टरांकडे दिला.

"मॅडम, तुम्ही लिहिलंय पेशंटकडं दुर्लक्ष. अहो, तो पेशंट नाय, मुडदा हाय! खून झालाय त्याचा!"

"कुणी तपासलं?" सिस्टरांनी विचारलं.

अख्ख्या खेळात फौजदारापासून शेजाऱ्यापर्यंत कुणीच त्या माणसाची नाडी पाहिलेली नव्हती. आठवड्यानं सुधारलेला खेळ आला. त्यात फौजदार सगळ्यात आधी नाडी बघत होता, आणि व्यापारी त्यानंतर सिस्टरांना दर सणाला फोन करू लागला.

आता मला एक कबुली द्यायची आहे. त्या दहा-बारा खेळांत एक माझा होता, खोट्या नावानं दिलेला. आयोजकानं असं करणं बरोबर नव्हतं. निकालाआधी तो मागं घ्यायचा असं मी मनाशी ठरवलं होतं. मला फक्त तो कुणीतरी खेळायला हवा होता. तीन वर्षांपूर्वी वडील दवाखान्यात होते. मला रक्ताची पिशवी आणायला पाठवलं. चिठ्ठी, रांग, शिक्का, पुन्हा रांग, असं करून मी पिशवी छातीशी धरून धावत परत आलो, तेव्हा त्यांच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. ते एकटे गेले आणि मी रांगेत होतो, हे मी कुणाशी बोललो नव्हतो. त्याचाच खेळ केला होता. कसंही खेळा, कितीही धावा, शेवटी उशीरच होई.

खेळाडूनं काय काय टाइप केलं याची नोंद लेखकाकडं राहते. सिस्टरांची नोंद मी उघडली. त्या वॉर्डातून हललेल्याच नव्हत्या. 'उशी सारखी कर.' मला समजलं नाही. 'हात धर.' मला समजलं नाही. 'जवळ बस.' मला समजलं नाही. 'जवळ बस.' 'जवळ बस.' शेवटी नाइलाजानं त्या रक्त आणायला गेल्या आणि सगळ्यांसारख्याच उशिरा पोचल्या. खाली अभिप्राय होता:

'मुलगा रक्त आणायला गेला. लेखक त्याला गुन्हेगार समजतो. हे चूक आहे. वॉर्डात पेशंट विचारतो, आला का? आम्ही सांगतो, येतोय. मग तो शांत पडतो. लेखकानं वॉर्डात सिस्टर लिहिलीच नाही. सिस्टर असते. म्हातारा एकटा नसतो. दुरुस्ती होईपर्यंत गुण देता येत नाहीत.'

मी ते तीनदा वाचलं आणि जिना चढून वर गेलो. सिस्टर मेथी निवडत होत्या.

"तो दवाखान्याचा खेळ माझा आहे," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. "तुमचा व्हय? मग नाव खोटं कशाला?"

त्यांनी परात बाजूला सारली आणि माझ्याकडं नीट पाहिलं. तीन वर्षांत प्रथमच मी सगळं सांगितलं, रांगेसकट.

"त्यांच्याजवळ कोण होतं, विचारलंस कधी तिथं जाऊन?" त्या एकदम अरे-तुरेवर आल्या.

"नाही. धीर झाला नाही."

"विचारायचं ना रे. कुणीतरी सांगितलं असतं." मग म्हणाल्या, "मी तिथं नव्हते, मला काय माहीत. पण अशा वेळी आम्ही खाट सोडत नाय. आमची रीतच हाय ती."

दुसऱ्या दिवशी मी त्या वॉर्डात गेलो. तिथल्या एका नर्सबाईंनी जुनं रजिस्टर पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय, मीच होते. दोनदा विचारलं तुमचं. मी म्हटलं, निघालाय, येतोय." बाहेर येऊन मी रिक्षा स्टँडजवळच्या कट्ट्यावर बसलो आणि भर दुपारी, माणसांच्या गर्दीत, हलकं हलकं वाटून रडलो. चहावाल्यानं न मागता चहा आणून ठेवला.

खेळ मी स्पर्धेतून काढून घेतला आणि घरी दुरुस्त केला. वॉर्डात एक सिस्टर लिहिली. 'जवळ बस' म्हटलेलं खेळाला समजेल असं केलं. सिस्टरांना तो त्यांच्या मोबाइलवर पुन्हा दिला, तोवर त्यांचं सामान बांधून झालं होतं. गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून त्या कन्नडला भावाकडं राहायला गेल्या. इमारतीतल्या दूधवाल्याला आता खोकल्याचं कुणी विचारत नाही, तो नुसता दूध घालून जातो.

परवा मी त्यांना फोन केला. ख्यालीखुशाली झाली. त्यांनी मला खोकायला लावलं. मग मी भीत भीत विचारलं, "सिस्टर, तो खेळ झाला का? गुण सांगा ना."

"संपवला नाय अजून," त्या म्हणाल्या. "तुझ्या वडलांजवळ बसलेय. पुढं काय व्हतं ते ठाऊक हाय मला. तुला घाई हाय का?"

मी म्हणालो, नाही, मला काही घाई नाही.