झाडूवरचा आळ

सातपूरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारे जे साहेब होते, त्यांच्याएवढा संशयी माणूस उभ्या नाशकात दुसरा झाला नसेल. डब्याच्या झाकणावर ते खडूने खूण करत, कुणी उघडला तर कळावं म्हणून. खुर्चीच्या पायांभोवतीही रेघा. मी चौथी शिकलेली, तिथं झाडलोट करायची. फरशी पुसली की रेघा जात, आणि साहेब ओरडत, "मावशी, पुरावा पुसलात!" मी म्हणे, "पुरावा हवा तर धूळही ठेवा."

ऐंशीनंतरची गोष्ट. रोज सकाळी यंत्र चालू झालं, की त्यानं आपणहून मालाची यादी छापायची. ती येईना. साहेबांनी बसून हुकूम दिला की मात्र लगेच येई. "म्हणजे यंत्र ठीक आहे. सकाळी इथं कोण असतं? तुम्ही. झाडू वायरीला लागतो." हे त्यांनी मॅनेजरच्या कानावर घातलं. शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर मावशीला काढू, असं ठरलं. घरात कमावती मी एकटी. शुक्रवारी मी झाडू घेऊन दाराबाहेरच उभी राहिले. कुलूप साहेबांनी उघडलं, यंत्र साहेबांनी लावलं. यादी आली नाही. "आता कुणावर आळ घेता?"

साहेब दुपारपर्यंत जेवले नाहीत. मग कपाळावर हात मारून घेतला. यादी कुठं ठेवली आहे, कुठल्या छपाईयंत्रावर काढायची, हे सगळं त्यांनी स्वतःच्या फाइलीत लिहिलं होतं. साहेब आपलं नाव सांगून आत शिरले, की यंत्र ती वाचे. सकाळी आपलं आपण उठताना ते वेगळीच फाइल वाचायचं, आणि तिच्यात यातलं काही नव्हतं.

"म्हणजे डाळ कुठल्या डब्यात ते सुनेला सांगितलं, आणि स्वयंपाकाला बसवलं पाहुणीला," मी म्हटलं.

"अगदी तसंच, मावशी."

त्यांनी सगळं सकाळच्या फाइलीत उतरवलं. शनिवारी यादी खडखडत आली. माफी मागितली नाही. फाइलीत इंग्रजी अक्षरांत एक ओळ तेवढी ठोकली. म्हणाले, "ही ओळ यंत्र सोडून देतं, ती पुढच्या माणसासाठी असते. लिहिलंय, मावशींचा दोष नव्हता, माझा होता." मला इंग्रजी येत नाही. भलतंच काही लिहून ठेवलं असेल, असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

साहेब नोकरीत असतानाच वारले. त्यांच्या जागी आलेल्या बाई एकदा पडद्याकडे बघत म्हणाल्या, "इथं लिहिलंय, मावशींचा दोष नव्हता, माझा होता. या मावशी म्हणजे तुम्हीच का हो?"

"हो," म्हटलं, आणि पुसत राहिले. खुर्चीभोवती आता रेघा नव्हत्या. तरी फडकं तेवढं लांबूनच फिरवलं.