थरथर मोजायचं मशीन

ते मशीन टेंपोतून उतरलं त्या दिवशी मी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. साहेबांनी ते मुंबईतल्या लिलावातून उचललं होतं. परदेशी, वयाने जवळपास माझ्याएवढं, पेंढ्यात गुंडाळलेल्या जड पेट्या आणि त्यांच्यावर बटणंच बटणं. आमचा कारखाना कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याच्या छपराखाली. वायरलेस सेटला लागणारे क्रिस्टल ऑसिलेटर आम्ही बनवायचो. मी तिथली एकटीच डिप्लोमावाली मुलगी, आणि तोंडाने जरा तिखट.

ऑसिलेटर म्हणजे ठोके देणारी वस्तू, सेकंदाला लाखो ठोके. ते ठोके जागच्या जागी न पडता किंचित मागेपुढे थरथरतात, त्या थरथरीला फेज नॉइज म्हणतात. हे मशीन ती मोजायचं. घरी कुणी विचारलं की मी उखळ दाखवायची. आई आणि काकू एकाच उखळात दोन मुसळांनी भात कांडायच्या, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. एकीचा हात जरा लवकर पडला की तो दुसरीलाच आधी कळायचा. आमच्याकडेही तसंच होतं. एका ऑसिलेटरची थरथर पकडायची तर त्याच्यासमोर तितकाच चांगला दुसरा उभा करावा लागतो.

दसऱ्यानंतर गिऱ्हाईक कंपनीचे इन्स्पेक्टर येणार होते. ते स्वतःचा ऑसिलेटर आणणार, आणि त्याची थरथर किती हे त्यांना आधीच ठाऊक असणार. आमच्या मशीनने तोच आकडा सांगितला तर यापुढे सगळ्या मालाची मापं माझ्या टेबलावर. नाही सांगितला तर माल तपासणीला बंगलोरला, मशीन गोदामात आणि मी परत सोल्डरिंगच्या बाकावर. साहेबांनी हे मला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. मला ते टेबल हवं होतं, दुसरं काही नको होतं.

मशीन जुळवण्याची रीत मला अजून पाठ आहे. सकाळी चालू करून आधी चांगलं तापू द्यायचं. मग दोन ऑसिलेटरच्या ठोक्यांच्या वेगात मुद्दाम थोडा फरक ठेवायचा. हेडफोन कानाला लावला की तो फरक सूर होऊन ऐकू येतो. त्या सुराचा जोर मोजला की मशीनची मोजपट्टी ठरते. त्यानंतर बटण हळूहळू फिरवत फरक कमी करत न्यायचा. सूर खाली उतरतो, घुमायला लागतो आणि एका क्षणी गप्प होतो. मागे उरते ती नुसती बारीक सळसळ, आपली थरथर. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी हेडफोनसकट उठून साहेबांच्या केबिनकडे पळाले आणि वायरीने मला मागे खेचलं. शेवटी साहेबच आले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि चहा थंड होऊ दिला.

मग खंडेनवमी आली. लेथपासून पकडीपर्यंत सगळं पुसून चकचकीत झालं. माझ्या मशीनच्याही केबली काढून ठेवल्या गेल्या, झेंडूची माळ चढली. माझ्या जन्माआधीच आमच्या घरातले देव गेले होते आणि बुद्धांची तसबीर आली होती, त्यामुळे मी पूजेला हात जोडत नसे. हे सगळ्यांना माहीत होतं. प्रसादाचा पेढा मी दोनदा घेते, हेही माहीत होतं.

सुट्टी संपल्यावर केबली जोडल्या, हेडफोन लावला, आणि सुरात खरखर. आकडा तर इतका वाईट की आमच्या ऑसिलेटरला हिवताप झाला असावा. मी पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, घाईघाईत, न बघताच केबली बदलल्या, लेथ थांबवायला लावून शिव्या खाल्ल्या. खरखर तशीच. इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी येणार होते.

आमचे फिटरकाका खालापूरकडचे, माणूस मायेचा. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "आमी समद्यांनी हात जोडलं, तूच नाय जोडलंस गं. रुसलं हाय ते."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. काकांच्या मनात वाईट नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. उद्या आकडा चुकला तर दोष कुणाच्या नावावर जाणार, ते मला लख्ख दिसलं. रागाच्या भरात मी मशीनच्या तोंडावरची, दोनदा बदलून झालेली केबल पुन्हा फिरवून काढली. बोटाला लाल लागलं. आधी वाटलं, कापलं. मग वास घेतला.

कुंकू होतं. पूजेच्या दिवशी साहेबांनी प्रत्येक यंत्राच्या कपाळावर टिकली लावली होती. माझ्या मशीनला कपाळ कुठलं? बरोबर मध्यभागी एक गोल चकचकीत सॉकेट उघडं होतं, त्यांनी भक्तिभावाने तिथेच बोट टेकवलं. ओलं कुंकू आत उतरून वाळलं, आणि मी त्याच्यावर केबल आवळली.

स्पिरिटच्या बोळ्याने मी सॉकेट आतपर्यंत पुसलं. केबल लावली. सूर स्वच्छ! बटण फिरवलं, सूर उतरला, घुमला, थांबला, आणि थरथर दाखवणारा काटा असा खाली गेला की मी ओरडलेच. साहेब धावत आले. मी लाल बोळा पुढे केला. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या बोटाकडे, आणि खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरांनी त्यांचा ऑसिलेटर जोडायला दिला आणि आकडा आधी मला सांगायला लावला. मी सांगितला. चष्मा पुसून ते साहेबांना म्हणाले, मापं इथेच होऊ देत. माझ्या छातीतले ठोके तेव्हा कुठल्याच मशीनला मोजता आले नसते.

पुढच्या खंडेनवमीला मी नेहमीसारखी दाराशी उभी होते. माझ्या मशीनपाशी आल्यावर काका थांबले. सॉकेटवर त्यांनी आधीच चिंधी बांधली होती. हातात कुंकवाची वाटी धरून ते माझ्याकडे वळले.

"कुठं लावू गं? तू सांगशील तिथं."

मी टेबलाच्या लाकडी पायाकडे बोट केलं. काका गुडघे टेकून खाली बसले आणि त्यांनी तिथे लावलं. मी हात जोडले नाहीत, आणि त्या वर्षी कुणी काही म्हटलं नाही.