भाताविना सहा आठवडे

आरमोरीच्या दवाखान्यात लघवीत निळं औषध घालून काचेची नळी तापवायची सोय झाली आणि तालुक्यात एकाएकी मधुमेहवाले निघू लागले. तोवर हा आजार आम्ही चंद्रपूर-नागपूरच्या शेठ लोकांना देऊन टाकला होता. मी साधा मास्तर. धानाच्या बांधीत धसकट लागून डाव्या पायाचा अंगठा चिघळला म्हणून गेलो, तर माझी नळी विटेसारखी लाल झाली. निळी राहिली तर साखर नाही, लाल म्हणजे भरपूर.

"भात सोडा, गुरुजी. ज्वारी खा," साताऱ्याकडचे तरुण डॉक्टर म्हणाले. "साखर उतरली नाही तर अंगठा कापावा लागेल."

आमच्याकडे भात सोडतो तो एकतर रुसलेला, नाहीतर वारलेला. तरी मी सोडला. फक्त कायदा माझा होता: ताटात शीत दिसलं तर तो भात, दळलं, कुटलं, भाजलं की नाश्ता. सहा आठवडे शाळेत माझ्या त्यागाच्या कथा सांगितल्या. नळी दर वेळी लालच. सूज घोट्याकडे सरकली, तसे डॉक्टर चंद्रपूरच्या सर्जनला चिठ्ठी लिहायला बसले.

"लिहा जी," सोबत आलेली बायको म्हणाली, "पण बस लांबची हाय. ह्यांले इथीच डबा खाऊ द्या."

डॉक्टरांनीच डबा उघडला. "भाकर कशाची?"

"तांदळाची."

"आणि हे?"

"पोहे. खाली मुरमुरे. बाटलीत पेज."

"अहो बाई, हा सगळा भातच आहे!"

"हट जी! भाताले तं ते हातई नाई लावून राह्यले!"

ती बिचारी माझी वकिली करत होती आणि मी भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा फलक मन लावून वाचत होतो. डॉक्टरांनी चिठ्ठी खणात टाकली. "तीन आठवडे देतो. दर मंगळवारी डबा मी तपासणार."

बाहेर येताच बायको कडाडली, "पोरांच्या कॉप्या पकडता, अन् सोताच कॉपी करता? लाज नाई वाटत?"

मग वरोऱ्याकडून ज्वारी आली. पहिली भाकर मी दाराच्या फळीसारखी चावली. पहिल्या मंगळवारी नळी पिवळी झाली, दुसऱ्या मंगळवारी हिरवी. तिसऱ्या मंगळवारी ती खळखळून उकळली आणि निळीच राहिली! अंगठ्यावर नवी गुलाबी कातडी धरली होती. डॉक्टरांनी चिठ्ठी काढून टराटरा फाडली.

कित्येक दिवसांनी दोन्ही पायांत चपला घातल्या. घराचा रस्ता डावीकडे होता.

"तिकडं कुठी चालले जी?" बायको ओरडली.

दोन्ही पाय लोकांना दाखवायला मी चपला वाजवत भर बाजाराकडे वळलो होतो.