कुठला धीरज?

लंबूचं खरं नाव धीरज. 'धैर्य' या संस्कृत शब्दावरून आलेलं. अर्थ, धीर. बापाने हौसेने ठेवलं, पण त्या सुमारास निम्म्या गावाला तीच हौस आली होती. म्हणून कारखान्यात सगळे टोपणनावानेच हाका मारत.

नव्या मुकादमाला हे ठाऊक नव्हतं. कप्प्यांवरून घेतलेल्या दोन दोरांवर यंत्राची अवजड मोटार लटकत होती. एक दोर लंबूच्या हातात, दुसरा त्याचा जोडीदार चष्म्याच्या. खाली फिटर वाकून बोल्टची भोकं जुळवत होता.

"धीरज, ढील दे," मुकादम ओरडला.

लंबूची मूठ सैल होऊ लागली. त्याने ती पुन्हा आवळली. चुकीची बाजू उतरली असती तर फिटरचा चेंदामेंदा झाला असता.

"कुठला धीरज?"

"अरे, तूच की," मुकादम दोघांच्या मधोमध बघत म्हणाला.

दोघंही हलले नाहीत. लंबूचा तळहात सोलवटला.

"लंबू, धरून ठेव," खालून फिटर म्हणाला. "चष्म्या, तू सोड. सावकाश. माझं लग्न व्हायचंय अजून."

मोटार जागेवर बसली. मुकादमाने घाम पुसला.

"दोघांचं नाव एकच?"

"तिघांचं," चष्म्या म्हणाला. "खाली होता, तोही धीरजच."