दुर्बीण झिरो धरत नव्हती

मला नेमबाजी दादानं शिकवली. मी शेवगावात शाळेत शिकवते, आणि दादा, माझा थोरला भाऊ, गावाबाहेर वस्तीवर राहतो. चाळिशी उलटल्यावर मला काहीतरी नवं करावंसं वाटायला लागलं, तेव्हा त्यानंच माझ्यासाठी एअर रायफल निवडली आणि तिच्यावर दुर्बीण बसवून दिली. त्याच्या कांद्याच्या रिकाम्या चाळीत आम्ही रविवारी सराव करायचो. समोर मातीनं भरलेली पोती आणि त्यांच्यावर टाचलेला कागद.

दुर्बिणीतली फुली जिथं धरू तिथंच छर्रा लागला पाहिजे. तसं जुळवून घेण्याला आम्ही झिरो करणं म्हणायचो. एकदा जुळवलं की ते टिकतं. माझंही टिकत होतं. माझे छर्रे एकाच भोकातून गेल्यासारखे दिसायचे तेव्हा दादा कागद काढून वहिनीला दाखवायला घरात घेऊन जायचा.

मग गेल्या हिवाळ्यात ते बिघडलं. पहिले दोन छर्रे मधोमध, तिसरा डावीकडं, चौथा पार खाली. मी झिरो पुन्हा जुळवलं, तर पुढच्या रविवारी सगळं भलतीकडंच. मी छर्रे बदलले, नळी साफ केली, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाहिली. दादा शेजारी बसून पाना घेऊन स्क्रू आवळायचा. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या दोन कड्या मी एकदा उघडायला गेले तर त्यानं माझा हात धरला.

"त्येला हात लावू नको. ते नीट बसलंय. दुर्बिणीत काई न्हाई."

"मग कशात आहे?"

त्यानं पुन्हा पाना उचलला. "तुझा श्वास चुकतोय बग. आन् वय बी झालं आता आपलं."

मी विश्वास ठेवला. नगरला जाऊन डोळे तपासून आले. डोळे चांगले निघाले, तर दादा म्हणाला, "मंग हातच कापत असंल." मी चहा सोडला. पहाटे उठून भिंतीसमोर रिकामी रायफल धरून उभी राहायचे. शाळेत फळ्यावर लिहितानासुद्धा मी माझ्याच बोटांकडं बघत राहायचे. आमच्या वडिलांचे हात म्हातारपणी थरथरायचे, आणि मला वाटायला लागलं की ते माझ्याकडं लवकरच आलंय.

नगरला हौशी नेमबाजांची स्पर्धा होती. मी नाव मागं घेतलं. दादा एकटा गेला आणि कप घेऊन आला. शाळेत मी पेढे वाटले.

त्यानंतर एका रविवारी मी वस्तीवर गेले तेव्हा दादा घोडेगावच्या बाजारात गाय बघायला गेला होता. त्याची रायफल भिंतीला टेकलेली होती. मनात आलं, दुर्बिणींची अदलाबदल करून बघू. मी त्याची दुर्बीण माझ्या रायफलीवर चढवली. सगळे छर्रे एकाच जागी, नाण्याखाली झाकले जातील असे. मग माझी दुर्बीण त्याच्या रायफलीवर लावली, तर छर्रे कागदभर विखुरले.

मी खाली पोत्यावरच बसले आणि मला रडू आलं. माझे हात शाबूत होते.

माझी दुर्बीण काढून उलटीपालटी करून पाहिली. जिथं पुढची कडी बसते, नेमका तिथं दुर्बिणीच्या नळीला पोचा आला होता, आणि त्यावर कुणीतरी काळा रंग लावला होता. कडी चढवली की काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात वहिनी पाणी घेऊन आली.

"वहिनी, हे काय गं?"

तिनं वाकून पाहिलं. "खर्ड्याहून येताना गाडीवरून पडली ना, त्येच. मी तवाच म्हनलं हुतं, वन्संला सांगून टाका. सांगितलं न्हाई व्हय अजून?"

खर्ड्याच्या एका मित्राला दाखवायला दादानं माझी रायफल नेली होती, ते मला आठवलं. थंडी सुरू व्हायच्या जरा आधी.

तो आला तेव्हा मी ओट्यावर बसले होते, दुर्बीण मांडीवर घेऊन. त्यानं आधी वहिनीकडं पाहिलं.

"पिशवीचा बंद तुटला गं. वरून तर काई दिसत नव्हतं."

"मग रंग कशाला लावलास?"

तो म्हणाला, "सांगनारच हुतो. पन तू बी लगीच मानलंस, तुझंच चुकतंय म्हनून. मंग राहून गेलं."

"डोळे तपासून आले तेव्हा?"

"तवा लई उशीर झालता."

"स्पर्धेआधी सांगितलं असतंस तर मी कुणाची तरी दुर्बीण मागून घेतली असती, दादा."

त्याचा चेहरा बदलला. "म्हंजे तू आली असतीस तर कप मला मिळाला नसता, आसं म्हननं हाय का तुझं?"

माझ्या डोक्यात तसं काहीच आलं नव्हतं. ते त्यानं म्हटल्यावर आलं, आणि मग जाईना.

मी रायफल पिशवीत घातली आणि निघाले. वहिनी फाटकापर्यंत मागं आली. चहा तरी घेऊन जा म्हणत होती.

पुढं दादानं तिच्या हाती नवी दुर्बीण पाठवली. मी ती तशीच परत दिली आणि स्वतः एक आणून बसवली. आता शाळेतल्या एका बाईंच्या शेतात सराव करते. यंदा स्पर्धेला गेले, तिसरी आले. दादाही आला होता. त्याचा नंबर लागला नाही. आम्ही एकमेकांची ख्यालीखुशाली विचारली आणि वेगवेगळ्या गाड्यांनी परतलो. भाऊबीजेला मी त्याला ओवाळते, तोही ताटात साडी ठेवतो. बोलणं पाऊसपाण्याच्या पुढं जात नाही.

मध्यंतरी वहिनीचा फोन आला होता. "रविवारी चाळीत एकलेच बसत्यात," ती म्हणाली. "रायफल बी काढत न्हाईत. या ना एकदा."

मला वाईट वाटलं. बघते म्हणाले. अजून गेलेली नाही.