दुसरा म्हणजे कोणता?

अण्णांना ऐकू कमी येतंय, हे बजाजनगरात आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं होतं. कळत नव्हतं ते फक्त अण्णांना. कानाला मशीन लावायचं नाव काढलं की म्हणायचे, माझे कान ठणठणीत आहेत, तुझ्या त्या नव्या अँप्लिफायरचाच घसा बसलाय, जुन्याची सर त्याला नाय. मग मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, दोन्ही चादरीआड ठेवतो, न बघता ओळखा; चुकलात तर मशीन लावायचं. वडील माझेच, लगेच व्हय म्हणाले.

क्रांती चौकात अँप्लिफायर दुरुस्त करणारा माझा मित्र आहे, त्याला बोलावलं. अँप्लिफायर बदलायचा खटका त्याच्या हातात. त्यानं कधी बदलायचा, कधी तसाच ठेवायचा, अण्णांनी नुसतं पहिला की दुसरा ते सांगायचं. गाणं म्हणून, त्यांना न सांगता, त्यांचीच जुनी कॅसेट लावली, पिशोरच्या भजनी मंडळात ते गायचे तेव्हाची. एकच भजन, परत परत.

मित्रानं हिशेब लावला, जवळपास सगळं चूक. मी जिंकल्यागत बसलो, तर हाच म्हणतो, थांब, चाचांचा 'दुसरा' म्हणजे दोन नंबरचा, का सगळ्यात आधी वाजला त्यापेक्षा वेगळा? मी सुरुवातच दोन नंबरनं केली होती. तसं धरून मोजलं तर जवळपास सगळं बरोबर. वर म्हणे, ज्याला काहीच कळत नाय तो अंदाजानंही निम्मं बरोबर सांगतो. सगळं चुकवायलासुद्धा फरक ऐकू यावा लागतो. म्हणजे अण्णा नापास होऊन पास? डोक्याचा पार भुगा झाला. आम्ही दोघं भांडलो, पुन्हा मोजलं, पुन्हा भांडलो.

शेवटी अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं, "अण्णा, दुसरा म्हणजे कोणता हो?"

मी येडा झाल्यासारखं ते माझ्याकडं बघत राहिले.

"कोणता म्हणजे? दुसरा गवय्या. पहिला लई गोड गातो. हा दुसरा कोण घेतलाय मंडळात?"

मित्रानं टेप बंद केला. ते दोघंही तुम्हीच, असं सांगायचं सोडून मी चादरीची घडी घालायला लागलो. फरक त्यांना ऐकू आला होता. स्वतःचा आवाज मात्र आला नव्हता.

"मग? झालो ना पास?" अण्णांनी विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून हलवली का नाय म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.