निवडणुकीत जमा झालेल्या बंदुका

पोलीस ठाण्यातल्या मालखान्याची किल्ली कमरेला लागली, की किस्से आपोआप गोळा होतात. निवडणूक जाहीर झाली रे झाली, की परवान्याच्या बंदुका आमच्याकडे जमा! आमच्या गडचिरोलीत परवाने बहुतेक पीक राखणीचे. बंदूकही साधी, तोंडातून बारूद ठासायची जुनी भरमार. हवेत एक बार काढायचा अन् धानातली रानडुकरं पळवायची. पण निवडणूक आणि धान एकाच वेळी पिकतात, त्याला काय करणार?

*

एकदा दसऱ्याच्या सकाळी ठाण्यासमोर ही गर्दी! मला वाटलं, मोर्चा आला. बघतो तर हातात हळद-कुंकू, झेंडू, नारळ. सगळ्यांच्या पुढे सोमाजीभाऊ. यांची शेती अगदी जंगलाला लागून.

"हवालदारसाहेब, हत्याराची पूजा कराची हाये. बंदूक बाहेर देऊ नका जी, आमालेच आत घ्या!"

ठाणेदारांनी कपाळाला हात लावला. मग स्वतःच पहिला नारळ फोडला. आठवडाभर अख्खा स्टाफ खोबरं खात होता.

*

एक म्हातारबा तर दर बाजाराच्या दिवशी चौकशीला यायचे. "बरी हाये ना माही बंदूक? तेलाचा हात फिरवत जा जी, गंजून जाईन." माझ्या तब्येतीची एवढी चौकशी माझ्या घरी कोणी करत नाही!

*

बंदूक जमा झाली म्हणून एका पठ्ठ्यानं बांबूला काळा रंग दिला अन् बुजगावण्याच्या खांद्यावर ठेवला. लांबून हुबेहूब बंदूक! जंगलातून येणारी आमची गस्तीची पार्टी ते बघून धडाधड जमिनीवर आडवी. अर्धा तास कोणी हललं नाही.

अन् डुकरं? बुजगावण्याच्या पायाशी निवांत धान खात होती.

*

आमचे ठाणेदार पुण्याकडचे, मनानं भले. लोकांच्या हाती बंदूक नकोच, हे त्यांचं ठाम मत. आधीच्या ठाण्याच्या हद्दीत एका घरातली भरलेली बंदूक उडून एक लहान मुलगी गेली होती अन् पंचनामा यांनीच केला होता.

"सोमाजीभाऊ, घरात बंदूक असली की कधी ना कधी घात होतोच."

"खरं हाये जी. पन डुकराले आचारसंहिता कोन सांगन?"

सगळे हसले, ठाणेदारही. मला मात्र दोघांचंही पटायचं, अन् तीच माझी पंचाईत होती.

*

गेल्या विधानसभेची गोष्ट. मतदान झालं होतं, निकाल बाकी होता. सोमाजीभाऊ सकाळीच येऊन बाकावर बसले.

"मतं तं पडले ना जी आता? द्या ना बंदूक. धान कापनीले आला, डुकरं बसूनच राह्यले त्यात. यमुना एकटीच डबा वाजवत हाये तिथी."

यमुनाबाई म्हणजे त्यांची बायको.

"निकाल लागू द्या भाऊ. वरून आदेश नाही," ठाणेदार म्हणाले. "बसा, चहा घ्या."

चहा पिता पिता सोमाजीभाऊंना गावातून फोन आला. धानातून डुक्कर उठलं अन् थेट यमुनाबाईंच्या अंगावर गेलं. मांडी फाटली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं रक्त गेलं. त्या चहाचं मला आजही वाईट वाटतं.

निकाल लागला, आदेश आला. बैल गेला अन् झोपा केला! बाकीच्यांनी आपापल्या बंदुका नेल्या. सोमाजीभाऊ काही आले नाहीत. शेवटी ठाणेदार स्वतःच त्यांची बंदूक घेऊन निघाले, मी सोबत.

सोमाजीभाऊ अंगणात बसले होते. ठाणेदारांनी टोपी काढली, बंदूक दोन्ही हातांनी पुढे धरली.

सोमाजीभाऊंनी हात पुढे केला नाही.

"यमुना गेली तवा हे जिथी होती ना साहेब, तिथीच राहू द्या."